अंगाचे माप : आठ वार, नऊ वार

मराठीत लुगड्याचे नाव घेताना आपण कापडाचे माप सांगतो, अंगाचे सांगत नाही. नऊवारी, सहावारी, पाचवारी, जुन्या बोलीतले अठरा हाती ही सारी वस्त्रांची नावे आहेत, आणि त्यांत नेसणाऱ्या बाईविषयी एक अक्षरही नाही. ती उंच की ठेंगणी, कृश की स्थूल, याची लुगड्याला पर्वा नसते. शर्ट मात्र 'बेचाळीसचा' असतो, पोलके 'छत्तीसचे' असते, पँट 'चौतीस कंबरेची' असते. नावे देण्याच्या या दोन पद्धतींमध्ये एक मोठे सामाजिक स्थित्यंतर दडलेले आहे. आमच्या साहित्याभ्यासात वस्त्राचा विचार बहुधा प्रतिमा म्हणून किंवा प्रतिष्ठेची खूण म्हणून होतो. वस्त्र अंगाला बसावे कसे, आणि त्यासाठी अंग कोणी, कशाने, कोणत्या हक्काने मोजावे, हा प्रश्न सहसा शिवणाच्या वर्गातच राहतो. तो तेथून उचलून इतिहासाच्या टेबलावर ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे. त्यासाठी आम्हांस एका परक्या वस्त्राची मदत घ्यावी लागणार आहे, ते म्हणजे स्कॉटलंडचा किल्ट. खानदेशातील वाचकाला ही संगत प्रथमदर्शनी विचित्र वाटेल. ती तितकी विचित्र नाही.

आधी कापडाविषयी. खानदेश हा कापसाचा मुलूख. जळगावची खानदेश गिरणी एकोणिसाव्या शतकाच्या आठव्या दशकातली, अमळनेरची प्रताप मिल १९०६ सालची. धुळे आणि चाळीसगाव येथेही गिरण्या झाल्या. आता त्या भोंग्यांची आठवण सांगणारे थोडे उरले आहेत. गिरणी येण्यापूर्वी आणि आल्यावरही बराच काळ येथे कापड मोजले गेले ते हात, तसू आणि गज यांनी. मुंबई इलाख्याच्या कोष्टकात सोळा तसूंचा एक हात आणि चोवीस तसूंचा एक गज धरीत. इंग्रजी मापात हात अठरा इंचांचा आणि गज सत्तावीस इंचांचा. म्हणजे एक वार बरोबर दोन हात, आणि नऊवारी हेच अठरा हाती. इंग्रजांचा वार आमच्या भाषेत इतक्या सहज रुळला, याचे एक कारण या सोयीच्या भागाकारात असावे असे आम्हांस वाटते.

हात हे माप मुळात अंगाचेच, कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंतचे. पण मोजणाऱ्याचे अंग आणि नेसणाऱ्याचे अंग ही वेगळी असतात. बाजारातला हात दुकानदाराचा. त्याने कापड मोजले जाते, गिऱ्हाईक नाही. संत नामदेवांची जी पदे गुरुग्रंथसाहिबात समाविष्ट आहेत, त्यांत शिंप्याचा गज, कात्री, सुई आणि दोरा ही अवजारे भक्तीची रूपके होऊन येतात. रूपकांच्या या पेटीत अंगाचे माप घेण्याचे साधन शोधू गेल्यास ते सापडत नाही. जे सापडते तो कापडाचा गज. यावरून तेराव्या-चौदाव्या शतकातील शिंप्याच्या कामाविषयी फार मोठे अनुमान काढणे धाडसाचे होईल. परंतु फीत ही आपण समजतो तितकी जुनी नव्हे, हे लक्षात ठेवायला हरकत नाही. युरोपातसुद्धा अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत शिंपी प्रत्येक गिऱ्हाइकासाठी कागदाची एक लांब पट्टी ठेवीत आणि छाती, कंबर, बाही यांच्या जागी तिला खाचा पाडीत. पट्टीवर आकडे नसत. ती पट्टी म्हणजे त्या एका माणसाचे अंग. दुसऱ्याला ती निरुपयोगी. आकडे छापलेली कापडी फीत एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी प्रचारात आली, आणि तेव्हाच कोणाचेही अंग कोणाच्याही अंगाशी ताडून पाहणे शक्य झाले.

आता लुगड्याकडे पुन्हा वळू. न शिवलेल्या वस्त्राला माप नसते असे म्हणण्याचा प्रघात आहे. तो आम्हांस पटत नाही. लुगड्याचे माप रोज घेतले जाते. पहाटे अंधारात कमरेला पहिला वेढा घेऊन गाठ मारताना, उरलेल्या कापडाच्या निऱ्या घालताना, पदराची लांबी खांद्यावरून सोडून पाहताना, निऱ्यांचे केळे खोचून ओचा सारखा करताना आणि शेवटी काष्टा मागे नेऊन बसवताना बाईचा हात तिच्याच अंगाचे माप घेत असतो. अंग भरले तर दोन निऱ्या कमी पडतात, बाळंतपणानंतर त्या परत येतात, म्हातारपणी वाढतात. निरी वितीने घातली जाते, आणि वीतही तिचीच. आकडा कोठेच उमटत नाही, म्हणून ते माप इतिहासाच्या नजरेतून सुटते. कापूस वेचायला वाकणाऱ्या बाईचा ओचा आणि लग्नाला निघालेल्या त्याच बाईचा ओचा यांत फरक असतो, तो कोणत्याही मापवहीत सापडणार नाही.

याच सुमाराच्या, किंबहुना याच जातीच्या एका वस्त्राचा इतिहास लिखित स्वरूपात उपलब्ध आहे, आणि म्हणूनच किल्ट आमच्या कामाचा. आज बँडपथकांत, लग्नांत आणि चित्रपटांत दिसणारा किल्ट हा पक्का शिवलेला पोशाख आहे. पण त्याचा पूर्वज हा न शिवलेला, अंगाभोवती गुंडाळायचा, कमरेला पट्ट्याने आवळायचा लोकरी पट होता. १७०३ साली प्रसिद्ध झालेल्या मार्टिन मार्टिन याच्या पश्चिम बेटांवरील ग्रंथात या पटाचे वर्णन आहे. त्याची लांबी तो सात दुहेरी 'एल' एवढी देतो. एल हा शब्द कोपराशी नाते सांगणारा; म्हणजे आपला हातच, फक्त लांब केलेला. मार्टिन आणखी एक सुंदर तपशील देतो. चौकड्यांचे रंग चुकू नयेत म्हणून बायका लाकडाच्या एका तुकड्यावर प्रत्येक पट्ट्यातील धाग्यांची संख्या नोंदवून ठेवीत. कापडाचे माप लाकडावर, आणि अंगाचे माप रोजच्या सवयीत, अशी ही वाटणी होती.

त्या पटाची रचना पाहिली की पन्ह्याचे महत्त्व ध्यानात येते. हातमागाचा पन्हा विणकराच्या हाताच्या पोचेवर ठरतो. धोटा एका हाताने टाकून दुसऱ्याने झेलायचा तर कापड फार रुंद होऊ शकत नाही. म्हणून मोठा पट तयार करताना दोन अरुंद पट्टे लांबीने एकमेकांना जोडीत. कमरेखाली एक पन्हा, कमरेवर एक पन्हा. अठराव्या शतकात वरचा अर्धा भाग गळून पडला आणि खालचा उरला, तो छोटा किल्ट. गुडघ्यापर्यंत येणाऱ्या त्याच्या उंचीची सौंदर्यशास्त्रीय कारणे अनेकांनी दिली आहेत. आम्हांस तर तेथे मागाच्या पन्ह्याचाच हिशेब अधिक दिसतो. आपल्या लुगड्याचेही तसेच आहे. कमरेपासून घोट्यापर्यंतचे अंतर पन्ह्यात बसते, लांबीचा विनियोग निऱ्या, काष्टा आणि पदर यांत होतो.

हा छोटा किल्ट प्रथम कोणी केला यावर पुष्कळ वाद झाला आहे. १७६८ साली लिहिलेल्या आणि १७८५ मध्ये छापल्या गेलेल्या एका पत्राच्या आधारे असे सांगितले जाते की, टॉमस रॉलिन्सन नावाच्या इंग्रज लोखंड-कारखानदाराने आपल्या हायलँडर मजुरांना भट्टीवर आणि जंगलतोडीत वावरताना लांब पट अडचणीचा होतो हे पाहून खालचा भाग वेगळा करवून घेतला. ह्यू ट्रेव्हर-रोपर यांनी हॉब्सबॉम आणि रेंजर यांनी संपादिलेल्या १९८३ च्या ग्रंथातील आपल्या लेखात ही कथा मोठ्या चवीने सांगितली आणि 'परंपरेची निर्मिती' हा शब्दप्रयोग आपल्याकडील विद्यापीठीय चर्चासत्रांतही नित्याचा झाला. ट्रेव्हर-रोपर यांच्या मांडणीवर पुढे आक्षेप घेण्यात आले. रॉलिन्सनपूर्वीही लोक खालचाच भाग नेसत असावेत असे काहींचे म्हणणे आहे. या वादात निवाडा देण्याची आमची पात्रता नाही. पण वादाच्या दोन्ही बाजू एका गोष्टीकडे सारखेच दुर्लक्ष करतात असे मात्र आम्ही म्हणू. वस्त्र कोणी कापले यापेक्षा ते शिवले केव्हा गेले हे अधिक महत्त्वाचे आहे. कारण कापलेला पटही रोज चुण्या घालून नेसता येतो. चुण्या टाक्यांनी पक्क्या केल्या की मात्र त्या एका विशिष्ट कमरेच्या होतात. अठराव्या शतकाच्या अखेरच्या दशकात, सैन्याच्या पलटणींसाठी, हे घडलेले दिसते.

सैन्याचा संबंध योगायोगाचा नाही. १७४५ च्या बंडानंतर ब्रिटिश पार्लमेंटने १७४६ चा कायदा करून हायलँडच्या पुरुषांना हा पोशाख करण्यास बंदी केली; ती १७८२ पर्यंत राहिली. बंदीतून सूट होती ती राजाच्या पलटणींतील शिपायांना. घरी नेसला तर गुन्हा, सरकारी चाकरीत घातला तर गणवेश! पस्तीस वर्षांनी बंदी उठली तेव्हा सामान्य शेतकऱ्याची सवय मोडलेली होती. किल्ट परत आला तो पलटणींतून, सरदारांच्या मंडळांतून, आणि १८२२ मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिंबरोस आला तेव्हा सर वॉल्टर स्कॉट यांनी आखलेल्या सोहळ्यातून. हरिभाऊ आपट्यांच्या ऐतिहासिक कादंबऱ्या शिकवताना आपण ज्या स्कॉटचे नाव घेतो तोच हा स्कॉट. राष्ट्राला पोशाख देण्याचे काम कादंबरीकाराकडे जावे, ही साहित्याच्या विद्यार्थ्याने थोडा वेळ थांबून पाहावी अशी घटना आहे.

पहिला किल्ट घरी शिवायला बसणाऱ्याला आज जी मापे घ्यावी लागतात, त्यांत हा सगळा इतिहास गोठलेला आहे. मापे फक्त तीन : कंबर, सीट आणि कमरेपासून गुडघ्यापर्यंतची लांबी. पण तिन्ही फसवी आहेत. किल्टची कंबर म्हणजे पँटची कंबर नव्हे. ती बेंबीच्या आसपास, बरीच वर असते. आयुष्यभर पँटचा आकडा सांगण्याची सवय झालेला माणूस येथे चुकीचा आकडा सांगतो. सीट घ्यायची ती पुठ्ठ्याच्या सर्वांत भरलेल्या जागी. लांबीची जुनी कसोटी अशी की, गुडघे टेकून ताठ बसले असता काठ जमिनीपासून किंचित वर राहावा. आणि ही मापे स्वतःची स्वतः घेता येत नाहीत. फीत पाहण्यासाठी मान खाली घातली की पाठ वाकते, पोट आत ओढले जाते, आकडा बदलतो. दुसरे माणूस लागतेच.

मग हिशेब. समजा सीट चाळीस इंच आणि कंबर बत्तीस. पुढचा सपाट भाग निम्मा, मागचा चुण्यांचा भाग निम्मा. म्हणजे चुण्यांच्या वाट्याला सीटवर वीस इंच आणि कमरेवर सोळा. चोवीस प्लीट घालायच्या तर प्रत्येक प्लीट सीटपाशी पाच-षष्ठांश इंच दिसली पाहिजे आणि कमरेपाशी दोन-तृतीयांश. प्रत्येक प्लीटमध्ये फरक एक-षष्ठांश इंचाचा. तो चोवीस वेळा अचूक साधला तर चार इंचांचा फरक कापडात विरघळून जातो आणि चौकडीची रेघही मोडत नाही. जुन्या अरुंद पन्ह्याचे आठ वार कापड, म्हणजे २८८ इंच, चाळीस इंचांच्या शरीराभोवती असे मावते. आपली नऊवारी ३२४ इंचांची. एका देशाने हे गणित टाक्यांनी कायमचे सोडवले, दुसऱ्या देशातील बायकांनी ते रोज सकाळी तोंडी सोडवले, एवढाच फरक.

जळगावच्या फुले मार्केटमध्ये किंवा धुळ्याच्या आग्रा रोडवर किल्ट कोणी मागत नाही, हे खरे. पण चौकड्यांचा, प्लीट घातलेला, गुडघ्यापर्यंतचा शाळेचा स्कर्ट तेथे दर जूनमध्ये शिवला जातो, आणि अनेक घरांत आई तो स्वतः शिवते. त्या स्कर्टचे कूळ कोणते हे तिला ठाऊक असण्याचे कारण नाही. पण तिचे हात तोच हिशेब करतात. मुलगी वाढीला लागलेली, म्हणून खाली दोन इंच दुमड सोडायची, कमरेला माया ठेवायची. माया हा शिवणातला शब्द भाषाभ्यासकांनी अवश्य पाहावा. टाक्याच्या आत, दिसणार नाही असे, पुढे उसवून अंगाला पुरावे म्हणून राखलेले कापड म्हणजे माया. तिच्यामुळे शिवलेल्या वस्त्राला न शिवलेल्या वस्त्राचा थोडासा गुण परत मिळतो.

आता ज्या प्रश्नाने आम्हांस हा लेख लिहायला लावले त्याकडे येतो. माप घेणे म्हणजे अंगाला हात लावणे. लुगडे आणि पुढे गाठ मारायची खणाची चोळी या पोशाखात परक्या हाताची गरजच नव्हती; खणाचा पन्हा ठरलेला, चोळीचे तुकडे ठरलेले, आणि गाठ अंगाच्या मानाने सैल किंवा घट्ट. विसाव्या शतकात पाचवारी आली, तिच्यासोबत परकर आला, आणि पुढे हुकांचे, कटोरीचे, अस्तराचे ब्लाउज आले. ब्लाउजला छाती हवी, मुंढा हवा, टक्स हवेत. शिंपी तर बहुधा पुरुष. या पेचातून आमच्या बायकांनी जो मार्ग काढला त्याला 'मापाचा ब्लाउज' म्हणतात. एक नीट बसणारा जुना ब्लाउज पिशवीत घालून न्यायचा, शिंप्याने तो फळीवर पसरून मोजायचा, अंग घरीच. त्या कागदी पट्टीची ही मराठी आवृत्ती, पण तिच्यात लाज, मर्यादा आणि व्यवहारज्ञान यांची बेमालूम शिवण आहे. मापाचा ब्लाउज जुना होत जातो, अंग बदलत जाते, आणि दोहोंतील अंतर 'अर्धा इंच सैल करा' अशा तोंडी टीपेने भरून काढले जाते. कित्येकदा एकाच मापाच्या ब्लाउजवर दहा वर्षे काढलेली असतात.

साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिली. त्यापूर्वी ते अमळनेरला प्रताप हायस्कुलात शिक्षक होते, म्हणून खानदेश त्यांना आपले मानतो. त्या पुस्तकात शिकायला दूर राहिलेला श्याम साठवलेल्या पैशांतून धाकट्या भावासाठी कोट शिवून नेतो. कथेचा भर अर्थातच बंधुप्रेमावर आहे. आम्हांस मात्र त्यातील एक बिनमहत्त्वाची अडचण नेहमी खुणावते : ज्याच्यासाठी कोट शिवायचा तो भाऊ समोर नाही. अनुपस्थित माणसाचे अंग आठवणीतून मोजणे ही त्या काळच्या कुटुंबांची नित्याची कसरत होती. परगावच्या नातवासाठी दोऱ्याला गाठ मारून माप पाठवणे, 'शेजारच्या अमुक मुलाएवढा' असे सांगून शिवून घेणे, या गोष्टी आजही पूर्ण संपलेल्या नाहीत.

अंग मोजण्याचा दुसराही एक इतिहास याच मुलखात घडला, आणि तो इतका प्रेमळ नाही. १८१८ मध्ये खानदेश कंपनी सरकारच्या ताब्यात आला. भिल्लांचा प्रतिकार नुसत्या बळाने मोडेना, तेव्हा १८२५ मध्ये जेम्स आउट्रम याने धरणगाव येथे भिल्ल पलटण उभारायला घेतली. आउट्रमचे आजोळ स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनशायरचे, आणि त्याचे बालपण व शिक्षण त्या बाजूला झालेले. ज्या डोंगरी लोकांना वठणीवर आणायचे त्यांनाच पलटणीत घ्यायचे, कवायत द्यायची, गणवेश चढवायचा, हा प्रयोग त्याच्या आजोळच्या देशात शंभर वर्षांपूर्वी झालेला होता. त्याने तो तेथून उचलला असे आम्ही म्हणत नाही. साम्य मात्र डोळ्यांआड करता येत नाही. पलटणीचा गणवेश एकेका अंगाला मोजून शिवला जात नाही. तेथे अंगांचे वर्ग पाडले जातात, आणि तयार कपड्यांचे ठरावीक आकार ही कल्पना जगभर सैन्याच्या कोठारांतूनच बाहेर आली.

पुढे शतकाच्या अखेरीस फीत आणि कंपास घेऊन दुसरे अधिकारी आले. हर्बर्ट रिस्ले यांनी १८९१ च्या आपल्या बंगालविषयक ग्रंथात नाकांची मापे घेऊन जातींची उतरंड लावण्याचा प्रयत्न केला. मुंबई इलाख्यातील जाती-जमातींवर आर. ई. एन्थोव्हेन यांचे तीन खंड १९२० ते १९२२ या काळात निघाले. कवटीची लांबी, नाकाची रुंदी, उंची : आकड्यांची कमतरता नव्हती. मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये यांनी १९३२ मध्ये रिस्ले यांच्या निष्कर्षांची चिकित्सा करून ते देशभर सरसकट लागू पडत नाहीत हे दाखवले. या सगळ्या मोजणीतून मोजलेल्या माणसाच्या अंगावर एक धागाही चढला नाही. शिंप्याचा आकडा आणि मानववंशशास्त्रज्ञाचा आकडा दिसायला सारखे असतात. पहिला आकडा चुकला तर मोजलेला माणूस कपडा परत घेऊन येतो आणि भांडतो. दुसऱ्या मोजणीत असे भांडायला जाण्याची खिडकीच नव्हती.

यंत्राविषयी थोडक्यात. एलायस हाऊचे पेटंट १८४६ चे, सिंगरचे १८५१ चे. भारतीय बनावटीचे 'उषा' यंत्र १९३० च्या दशकात कलकत्त्यास तयार होऊ लागले. गांधीजी यंत्रविरोधक म्हणून ओळखले जात, पण १९२४ मध्ये एका संवादात त्यांनी शिवणयंत्राला अपवाद म्हणून उघड मान्यता दिली. बायकोचे कष्ट पाहून सिंगरने ते घडवले, अशी कथा त्यांना भावली होती. डिसेंबर १९३६ मध्ये ग्रामीण भागातील पहिले काँग्रेस अधिवेशन आपल्या पूर्व खानदेशात, फैजपूरला भरले. नेहरू अध्यक्ष होते आणि खादी-ग्रामोद्योग प्रदर्शनाचे उद्घाटन गांधीजींनी केले. तेथे खादीची चर्चा सुताच्या आणि विणकामाच्या अंगाने झाली. खादीच्या अरुंद पन्ह्यातून घरातील बाईने पोलके कसे बेतावे, हा प्रश्न चळवळीच्या साहित्यात क्वचितच येतो, आणि बेतणे हा शब्द तर मुळीच नाही. बेतणे म्हणजे कापड, अंग आणि ऐपत या तिन्हींचा मेळ घालणे. शिवण त्यानंतर.

स्वातंत्र्यानंतर १९५६ च्या कायद्याने देशात दशमान मापे आली. कापड मीटरने विकले जाऊ लागले. अंग मात्र इंचांतच राहिले. आजही धुळ्याचा दुकानदार अडीच मीटर कापड फाडतो आणि त्याच रस्त्यावरचा शिंपी चाळीस छाती, साडेसतरा शोल्डर असे लिहून घेतो. आणि लुगडे वारातच. सरकारी फर्मान एका पिढीत गल्ल्यापर्यंत पोचले. कमरेपर्यंत ते सत्तर वर्षांत पोचले नाही.

आणि आता शिवलेली नऊवारी. गेल्या काही दशकांत ती घरोघर शिरली. गुढीपाडव्याच्या शोभायात्रा, लग्नातले विधी, शाळांची स्नेहसंमेलने यांसाठी पायजम्यासारखी चढवायची, काष्टा आणि निऱ्या आधीच टाकून ठेवलेली नऊवारी मिळते. ब्राह्मणी, पेशवाई, लावणी असे तिचे प्रकारही ठरले आहेत. ती शिवायची तर कंबर, सीट, कमरेपासून घोट्यापर्यंतची लांबी, आसन, मांडीचा घेर आणि पदराची लांबी ही मापे लागतात. यातील आसन आणि मांडी ही मापे आमच्या आजीच्या पिढीत कोणीही कोणाला दिली नव्हती. किल्टने जे वळण अठराव्या शतकाच्या शेवटी घेतले, ते लुगड्याने विसाव्याच्या शेवटी घेतले. आणि तेथल्याप्रमाणेच येथेही रोजचा वापर सुटल्यानंतरच शिवण आली. याला परंपरेचा ऱ्हास म्हणणारे बरेच आहेत. आम्ही त्यांत नाही. ज्या मुलीला निरी घालायला कोणी शिकवले नाही, तिने अंगावर लुगडे चढवूच नये, असा आग्रह धरण्यात काय अर्थ?

पण एक गोष्ट आम्हांस अस्वस्थ करते. शिवलेली नऊवारी नव्या कापडाची केली तर प्रश्न नाही. आता अनेक घरांत आजीचे जपून ठेवलेले लुगडे काढून ते नातीच्या मापाने कापले जाते. हौस आहे, माया आहे, आठवण अंगावर वागवण्याची इच्छा आहे; सारे मान्य. मात्र न कापलेले लुगडे आजीला बसत होते, आईला बसले असते, धाकट्या जावेला बसले असते, नातीच्या मुलीलाही बसले असते. कात्री लागली की ते एका तरुण मुलीच्या एका वर्षाच्या कमरेचे होते. जाणत्या शिवणाऱ्या बायका म्हणूनच पदराला कात्री लावीत नाहीत, कमरेला नाडी ठेवतात आणि आत भरपूर माया सोडतात. काही जणी निऱ्या यंत्राने न मारता हाताने कच्च्या टाक्यांनी धरतात, म्हणजे पुढेमागे उसवता याव्यात. कापू नका असे सांगण्याचा अधिकार आम्हांस नाही. कच्चे टाके घालणाऱ्या त्या बाईची दूरदृष्टी मात्र आमच्यातील कित्येक संपादकांना हस्तलिखितांच्या बाबतीत दाखवता आलेली नाही.

हस्तलिखितांवरून आठवले. इतिहासाचार्य राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यास निवर्तले आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ तेथे उभे राहिले. वाण्यांच्या बाडांतून, मठांच्या दप्तरांतून, कोनाड्यांतून कागद गोळा करण्याची ती परंपरा. त्या परंपरेच्या शहरात आणि शेजारच्या जळगावात प्रत्येक जुन्या शिंप्याकडे मापवह्या असतात. नाव, तारीख, खाली आकड्यांचा रकाना, कोपऱ्यात टाचलेला कापडाचा तुकडा. एका कुटुंबाची वीस वर्षांची पाने सलग पाहिली तर मुलगी केव्हा वाढली, बाई केव्हा खंगली, घरात केव्हा पैसा आला आणि केव्हा जुनेच कापड उलटे करून शिवले गेले, हे कळू शकते. दुकान बंद होते तेव्हा या वह्या रद्दीत जातात. त्या जपाव्यात असे म्हणावे, तर त्यांत माणसांची नावे आणि त्यांची अंगे आहेत. मापाचा ब्लाउज पिशवीतून नेणाऱ्या बाईने हा रकाना परक्यांनी वाचावा म्हणून भरू दिलेला नव्हता. नावे झाकून आकडे ठेवता येतील का, ठेवायचे तर कोणाला विचारून, हे मराठीच्या आणि इतिहासाच्या विभागांनी एकत्र बसून ठरवायला हवे; आणि ते दुकाने उघडी आहेत तोवर, म्हातारे शिंपी आपल्या अक्षरांतील खुणा वाचून दाखवू शकतात तोवर.